आडवे असताना दाब १६८, उभं राहिल्यावर १३४, आणि नाडी जागच्या जागी

फोंड्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. बाबांचं वय ६८, मधुमेह १५ वर्षांचा, बीपी १० वर्षांचं. सकाळी टेल्मिसार्टन ४० आणि अॅम्लोडिपिन ५, रात्री प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन ०.४. पहाटे अंथरुणात मोजलं तर १६८/९२, नाडी ८४. उठून मोरीकडे जाताना डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा उभ्याने मोजलं तर १३४/७८, नाडी ८८. धाकटी बहीण नर्सिंग शिकते. तिच्या पुस्तकात लिहिलंय की दाब वाढला की नाडी मंदावते आणि दाब उतरला की नाडी वाढते. मग १६८ला नाडी मंद का नाही, आणि १३४ला वाढत का नाही? मशीन बिघडलंय का?

मशीन ठीक असावं, पुस्तकही बरोबर आहे. पण तुम्ही एका दमात दोन प्रश्न विचारलेत आणि त्यांची उत्तरं एक नाहीत. १६८ला नाडी मंद नसणं अपेक्षितच आहे, त्यात नाडीचा दोष नाही. १३४ला ती फक्त चारने वाढली, हे मात्र बरोबर नाही. अंधारीचं मूळ तिथे आहे.

आधी ही यंत्रणा मोजते काय ते पाहू. तिची ठिकाणं दोन. एक मानेत, जबड्याच्या कोनाखाली, साधारण कंठमण्याच्या वरच्या कडेच्या उंचीवर. तिथे मानेतली मोठी धमनी दोन फाट्यांत विभागते आणि मेंदूकडे जाणाऱ्या फाट्याच्या मुळाशी थोडा फुगवटा असतो. तो कॅरोटिड सायनस. दुसरं ठिकाण छातीत, महाधमनीच्या कमानीत. दोन्हीकडे धमनीच्या भिंतीत मज्जातंतूंची टोकं पसरलेली असतात. त्यांना बॅरोरिसेप्टर म्हणतात, म्हणजे दाब ओळखणारी. नाव थोडं फसवं आहे. ती दाब मोजत नाहीत, भिंतीला बसणारा ताण मोजतात. भिंत लवचीक असेल तर दाब दहाने वाढल्यावर ती चांगली ताणते आणि मेंदूला मोठी खबर जाते. वयाने, मधुमेहाने, बीपीने भिंत ताठ झाली की तोच दहाचा फरक तिला फारसा ताणत नाही आणि खबर तोकडी जाते. गळाबंद कॉलर घट्ट असेल किंवा दाढी करताना मान एका बाजूला ताणली तर काही वयस्कांना चक्कर येते, त्याचंही कारण हेच: बाहेरून दाबलं तरी ती टोकं ताण म्हणूनच वाचतात.

मानेकडची खबर नवव्या कपालतंतूतून जाते, छातीकडची दहाव्यातून, म्हणजे व्हेगसमधून. दोन्ही मेंदूच्या देठात, मेड्युलामध्ये पोहोचतात. तिथून हुकूम दोन वाटांनी निघतो. व्हेगस हृदयाचा वेग कमी करतो. सिंपथेटिक तंतू हृदयाचा वेग आणि जोर वाढवतात आणि हातापायांच्या, पोटाच्या रक्तवाहिन्या आवळतात. दाब चढला की व्हेगसचा आवाज वाढतो आणि सिंपथेटिकचा कमी होतो. दाब उतरला की उलट. दाब आणि नाडी यांचं हे उलटं नातं एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये मांडलं. तुमच्या बहिणीच्या पुस्तकातलं वाक्य म्हणजे तोच मारेचा नियम. मान दाबल्यावर नाडी मंदावते हे लोकांना आधीपासून माहीत होतं, पण त्यात व्हेगसच दाबला जातो असा समज होता. १९२०च्या दशकात हेरिंग या शास्त्रज्ञाने दाखवलं की खबर सायनसमधून जाते.

या दोन वाटांचा वेग फार वेगळा आहे आणि व्यवहारात त्यालाच जास्त महत्त्व. व्हेगस सेकंदाच्या आत, बहुतेक वेळा पुढच्याच ठोक्याला परिणाम दाखवतो. त्याचं रसायन, अॅसिटिलकोलिन, लगेच मोडलंही जातं, म्हणून परिणाम चटकन ओसरतो. सिंपथेटिकला सुरुवात करायलाच दोन-तीन सेकंद लागतात, पूर्ण जोर यायला वीस-तीस सेकंद, आणि उतरायलाही तितकाच वेळ. पहिल्या दहा सेकंदांत नाडीत जे काही होतं ते जवळजवळ सगळं व्हेगसचं काम.

आणि व्हेगस हा ब्रेक आहे. हृदयाच्या आतल्या पेसमेकरला, म्हणजे सायनस नोडला, कुणीच हात लावला नाही तर तरुण माणसात तो मिनिटाला शंभरच्या वर धडकतो. विश्रांतीत नाडी ६५-७० असते ती व्हेगसचा ब्रेक सतत दाबलेला असतो म्हणून. अनमोडच्या घाटात उतरताना ब्रेक थोडा सैल सोडला तर अॅक्सिलरेटर न देताही गाडी पळते, तसंच हे. उभं राहिल्यावर पहिले दहा-पंधरा ठोके वाढतात ते ब्रेक सुटल्यामुळे.

आता तुमच्या बाबांची ८४ची नाडी पुन्हा पाहा. नोडचा स्वतःचा वेग वयानुसार कमी होतो. अंदाज काढायचा जुना हिशेब असा: वयाला ०.५७ने गुणायचं आणि ११८मधून वजा करायचं. विसाव्या वर्षी साधारण १०७, अडुसष्टाव्या वर्षी साधारण ७९. माणसामाणसात यात बराच फरक असतो, तरी गोष्ट बोलकी आहे. पहाटे, अंथरुणात, काही न करता त्यांची नाडी ८४ आहे, म्हणजे नोडच्या मूळ वेगाच्या आसपास किंवा किंचित वर. ब्रेक दाबलेलाच दिसत नाही. ताप, रक्त कमी असणं, थायरॉइड, रात्रीची अपुरी झोप यांनीही नाडी चढते, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देता येत नाही. पण १५ वर्षांच्या मधुमेहात व्हेगस हा आधी मार खाणाऱ्या तंतूंपैकी एक, कारण तो शरीरातल्या लांबलचक तंतूंपैकी आहे आणि मधुमेह लांब तंतूंना आधी धरतो. पायांच्या तळव्यांना मुंग्या येतात का, हे त्यांना विचारा. बहुधा हो म्हणतील.

पहिला प्रश्न: १६८ला नाडी मंद का नाही? कारण ही यंत्रणा बदलाला जबाब देते, कायमच्या आकड्याला नाही. बॅरोरिसेप्टर साधारण ६० मिमी पाऱ्याच्या वर बोलायला लागतात आणि १८०च्या आसपास त्यांचा आवाज पूर्ण चढलेला असतो. मधल्या भागात, माणसाच्या रोजच्या दाबाच्या आसपास, ते सर्वांत तिखट असतात. दाब चढून तिथेच राहिला तर काही मिनिटांतच त्यांचा सूर बदलायला लागतो आणि काही दिवसांत त्यांची पट्टी वर सरकते. १२०ला जे ‘सगळं ठीक’ होतं ते आता १६०ला ‘सगळं ठीक’ होतं. दहा वर्षं बीपी असलेल्या माणसात यंत्रणा १६०चंच रक्षण करत बसते. तिच्या लेखी काही बिघडलेलंच नाही, मग नाडी मंदावायची कशाला?

म्हणूनच बीपी वाढण्याचं कारणही इथे शोधू नये. १९७३ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ गायटन यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या या यंत्रणेचे तंतू कापून दिवसभराचा दाब नोंदवला होता. सरासरी दाब फारसा वाढला नाही, पण दिवसभरातले चढ-उतार अतोनात वाढले. दाबाची दूरची पातळी ठरवतं मूत्रपिंड, मिठा-पाण्याच्या हिशेबाने. बॅरोरिफ्लेक्स, म्हणजे या टोकांपासून चालणारा हा प्रतिक्षेप, फक्त त्या पातळीभोवतीचे झटके शमवतो. उठणं, वाकणं, खोकणं, जोर लावणं, एवढा त्याचा प्रांत.

मग दाब वाढल्यावर नाडी खरोखर मंदावते कधी? दाब झपाट्याने वाढला तर. ऑपरेशन थिएटरमध्ये हे रोज दिसतं. सिझेरियनसाठी पाठीत इंजेक्शन दिल्यावर दाब पडतो, भूलतज्ज्ञ शिरेतून फिनिलएफ्रिन देतात, रक्तवाहिन्या आवळतात, मिनिटाभरात दाब ९०वरून १३०वर जातो आणि मॉनिटरवर नाडी ९५वरून ६०वर घसरते. हे औषध हृदयाला थेट मंद करत नाही. ही मारेच्या नियमाची शुद्ध प्रत आहे. याच औषधाने या प्रतिक्षेपाची तीव्रताही मोजतात: दाब १ मिमीने वाढला तर दोन ठोक्यांमधलं अंतर किती मिलिसेकंदांनी लांबतं. निरोगी तरुणात ते १०-२० असतं, वयाने घटतं. हार्ट अॅटॅकनंतर ३च्या खाली असेल तर पुढचा धोका जास्त, हे १९९८च्या अॅट्रामी अभ्यासात दिसलं.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी निरोगी माणूस उठतो तेव्हाचं एक मिनिट सेकंदासेकंदाने पाहू. उठताना अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांच्या आणि पोटाच्या शिरांमध्ये उतरतं. पायांचे स्नायू आवळल्याबरोबर, दाब पडायच्या आतच, नाडी उडी घेते. पाच ते दहा सेकंदांत दाब तळाला जातो, २०-३०ने पडू शकतो, आणि निरोगी माणसालाही क्षणभर हलकं वाटतं ते इथेच. मानेची भिंत सैल पडते, खबर कमी जाते, व्हेगस गप्प होतो. साधारण बाराव्या सेकंदाला, पंधराव्या ठोक्याच्या आसपास, नाडी शिखरावर असते. तोवर सिंपथेटिकने वाहिन्या आवळायला घेतलेल्या असतात. विसाव्या सेकंदापर्यंत दाब परत येतो, कधी थोडा वरही जातो, आणि नाडी पुन्हा खाली उतरते, तिसाव्या ठोक्याच्या सुमारास. मिनिटभराने वरचा दाब जवळजवळ होता तिथेच, खालचा पाच-दहाने जास्त, नाडी दहा-वीसने जास्त. पंधरावा आणि तिसावा ठोका यांचं गुणोत्तर ही स्वायत्त मज्जासंस्थेची जुनी चाचणी आहे: तिसाव्याभोवतीचं सर्वांत लांब अंतर भागिले पंधराव्याभोवतीचं सर्वांत छोटं अंतर. १.०४ किंवा जास्त म्हणजे ठीक, १.०० किंवा कमी म्हणजे बिघाड. ईसीजीची पट्टी चालू ठेवून माणसाला उभं केलं की झालं, खर्च काहीच नाही. दुर्दैवाने ती करतं कोण हा प्रश्न आहे.

तुमच्या बाबांचा वरचा दाब ३४ने पडला. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा २० किंवा खालचा १०ने पडला की त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. तो आडवा असताना जास्त चढलेला असेल तरीही म्हणतात. लोक चुकतात ते इथे. १३४ हा आकडा ‘नॉर्मल’ दिसतो, म्हणून घरचे म्हणतात बीपी बरोबर आहे, चक्कर पित्ताची असेल. पण त्यांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या १६०ला सरावलेल्या आहेत आणि पडण्याचा वेग मोठा आहे, त्यामुळे १३४लाही अंधारी येऊ शकते. शिवाय पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत दाब याहून खाली गेला असेल. घरचं मशीन आकडा द्यायला अर्धं मिनिट घेतं, त्याला ती दरी दिसतच नाही.

दाब पडण्याचं कारण ओळखायला नाडी लागते. हिशेब सोपा: नाडी कितीने वाढली भागिले वरचा दाब कितीने पडला. तुमच्याकडे ४ भागिले ३४, म्हणजे ०.१२. हे गुणोत्तर ०.५च्या खाली असेल तर दाब पडल्याची खबर किंवा तिच्यावरचा हुकूम वाटेत अडतोय, दोष तंतूंचा आहे. समजा मे महिन्यात हगवण लागलेला एक तरुण. आडवा १२६/७८, नाडी ७६. उभा १०२/७०, नाडी १०४. इथे २८ भागिले २४, म्हणजे १.१७. त्याची यंत्रणा जीव तोडून काम करतेय, फक्त टाकीत पाणी नाही. त्याला मीठ-साखरेचं पाणी आणि पेज पाजली की संध्याकाळपर्यंत सुधारेल. तुमच्या बाबांना पेज पाजून नाडी सुधारणार नाही.

मात्र हे गुणोत्तर तीन ठिकाणी फसवतं. एक, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, अॅटेनोलॉल किंवा व्हेरापॅमिल, डिल्टियाझेम चालू असेल तर नाडी बांधलेलीच असते. दोन, एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय विस्कटलेली असते तेव्हा, नोडचं राज्यच नसतं. तीन, पेसमेकर बसवलेला असेल तर. तुमच्या यादीत यातलं काही नाही, म्हणून तुमचं ०.१२ मी गंभीरपणे घेतो. अॅम्लोडिपिन नाडी रोखत नाही.

मोजण्याची पद्धत नीट नसेल तर हे सगळे आकडे वाया. सकाळी गोळ्या आणि चहा घेण्यापूर्वी, लघवी करून परत येऊन पाच मिनिटं उताणं पडायचं. पट्टा दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर, उघड्या कातडीवर. मोठ्या दंडाला मोठा पट्टा. छोटा पट्टा दाब जास्त दाखवतो. पहिला आकडा आडवा. मग एका दमात उभं राहायचं, खुर्चीला टेकायचं नाही, जवळ एक माणूस हवा. उभं राहिल्याबरोबर बटण दाबू नका; एक मिनिटाला आणि तीन मिनिटांना मोजा. पहिल्या मिनिटात मनगटावर बोटं ठेवून नाडी हाताने मोजा, पंधरा-पंधरा सेकंदांचे चार तुकडे करून. मशीनची नाडी सरासरी असते, चढ-उतार लपवते. अंधारी वाटली तर तिथेच बसवायचं, आकड्यासाठी उभं ठेवायचं नाही.

उभं असताना हात कुठे आहे हेही पाहा. हात टेबलावर किंवा कुणाच्या खांद्यावर आधाराने छातीच्या मध्याच्या उंचीला हवा. रक्ताचा १ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ म्हणजे ०.७७ मिमी पारा. हात बाजूला लोंबकळत ठेवला तर दंडाचं मशीन पाच-दहाने जास्त दाखवतं. मनगटाचं मशीन असेल तर मनगट हृदयाच्या तीस-पस्तीस सेंटिमीटर खाली जातं आणि आकडा २५ने फुगतो. म्हणजे दाब खरोखर २५ने पडला तरी मशीन म्हणेल काही झालं नाही. मनगटाच्या मशीनवरून उभ्याचा दाब ठरवू नये, माझं याबाबतीत ठाम मत आहे.

बहिणीला हा प्रतिक्षेप स्वतःच्या बोटांखाली पाहायचा असेल तर एक सोपा प्रयोग आहे. बसून, १० मिलिलिटरच्या रिकाम्या सिरिंजच्या तोंडात फुंकायचं, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने, पंधरा सेकंद. हा जोर साधारण ४० मिमी पाऱ्याचा असतो. छातीतला दाब वाढल्याने हृदयाकडे रक्त कमी येतं, दाब घसरतो, नाडी वाढत जाते. सोडल्यावर अडलेलं रक्त एकदम हृदयात येतं, वाहिन्या मात्र अजून आवळलेल्याच असतात, कारण सिंपथेटिकला उतरायला वेळ लागतो. दाब उसळतो आणि व्हेगस ताबडतोब ब्रेक मारतो. सोडल्यानंतरच्या दहा-पंधरा सेकंदांत नाडी स्पष्ट मंदावलेली हाताला लागते. एसव्हीटी नावाच्या, एकदम सुरू होणाऱ्या वेगवान धडधडीवर हाच उपाय म्हणून वापरतात. सोडल्याबरोबर आडवं करून पाय ४५ अंशांत पंधरा सेकंद वर धरले तर यश वाढतं. २०१५च्या रिव्हर्ट चाचणीत नुसत्या फुंकण्याने १७ टक्के आणि असं पाय उचलून ४३ टक्के लोकांची लय सुधारली. पण हा प्रयोग बाबांवर करू नका. मधुमेहात डोळ्यांच्या पडद्यावर नव्या कच्च्या वाहिन्या फुटलेल्या असतील तर जोर लावल्याने आत रक्तस्राव होऊ शकतो. मान दाबून नाडी मंदावण्याचा प्रयोगही घरी कुणावरच नको. वयस्क माणसाच्या मानेच्या धमनीतला थर सुटून मेंदूत गेला तर लकवा. डॉक्टरही आधी स्टेथोस्कोप ठेवून सूं आवाज नाही ना ते ऐकतात, एकाच बाजूला पाच-दहा सेकंद दाबतात, दोन्ही बाजू एकदम कधीच नाही.

मारेचा नियम मोडताना दिसतो अशा जागा बहिणीने पाठ कराव्यात. माडावर चढणाऱ्या पाडेल्याचा दाब आणि नाडी दोन्ही एकत्र वाढतात; श्रमात मेंदू पट्टीच वर सरकवतो, प्रतिक्षेप चालूच असतो, फक्त नव्या उंचीवर. रागातही तसंच. डोक्याला मार लागलेल्या मोटारसायकलस्वाराचा दाब चढत असेल आणि नाडी मंदावत असेल तर ती कवटीतल्या दाबाची धोक्याची घंटा आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशात सिंपथेटिकचं वादळ उठतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्रॅझोसिन रूढ केलं. ते वाहिन्यांवरचा सिंपथेटिकचा हुकूम तोडतं, म्हणून ते दिलेल्या मुलाला उचलून उभं धरायचं नसतं. प्रतिक्षेपाचा हातच बांधलेला असतो. टॅमसुलोसिन त्याच कुळातलं, प्रोस्टेटकडे जास्त वळणारं, पण वाहिन्यांना अगदीच न शिवणारं नाही. तुमच्या यादीत ते आहे हे डॉक्टरांच्या नजरेला आणून द्या.

आणि भोवळ. जत्रेच्या गर्दीत, कदंब बसमध्ये उभ्याने, रक्तदानानंतर माणूस पांढरा पडतो, दाब ७० आणि नाडी ४०. इथे दोन्ही एकत्र पडतात, कारण ऐन वेळी व्हेगस जोर धरतो आणि सिंपथेटिक हात आखडतो. यावर उपाय एकच, जमिनीवर आडवं करून पाय वर. आपल्याकडे होतं भलतंच: दोघे बगलेत धरून उभं ठेवतात, तिसरा कांदा हुंगवतो, चौथा पाणी पाजतो. उभं धरलेल्या माणसाच्या मेंदूला रक्तच पोहोचत नाही, आणि मग झटके येतात.

बाबांसाठी आता काय करायचं. गोळ्या स्वतः बंद करू नका. आडव्याचा १६८ आणि उभ्याचा १३४ दोन्ही खरे आहेत आणि एकाचा इलाज दुसऱ्याला बिघडवू शकतो, म्हणून वेळा आणि औषधं डॉक्टरांनीच बदलायची. दाब फार चढला म्हणून निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची जुनी खोड कुठे शिल्लक असेल तर तीही नको. दाब मिनिटांत कोसळतो, निरोगी माणसात नाडी १२०वर जाते आणि हृदयाला रक्त कमी पडतं. प्रतिक्षेप मेलेल्या माणसाला तर तेवढाही बचाव नाही. अॅम्लोडिपिन हळूहळू, सहा ते बारा तासांत चढतं, म्हणून त्याने नाडी तशी उसळत नाही.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू १५ सेंटिमीटर उचला. नुसत्या उशा वाढवून चालत नाही, मान दुखते आणि धड सपाटच राहतं. धड तिरकं राहिल्याने रात्रीचा आडव्याचा दाब थोडा कमी होतो आणि मूत्रपिंड रात्री कमी मीठ-पाणी सोडतं, लघवीला उठणं घटतं. उठताना आधी पलंगाच्या कडेला बसून दोन मिनिटं पाय हलवायचे, मग उभं राहायचं. रात्री लघवी बसूनच. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून दिलेलं नसेल तर सकाळी उठायच्या आधी अंथरुणात बसून अर्धा लिटर पाणी पाच मिनिटांत पिणं कामाला येतं. अशा रुग्णांत त्याने दाब वर येतो आणि अर्ध्या तासाच्या आसपास त्याचा जोर असतो. उभं असताना अंधारी आली तर पाय कैचीसारखे आडवे टाकून मांड्या आणि कुल्ले आवळायचे. मीठ मात्र स्वतःहून वाढवू नका, आडव्याचा दाब आधीच १६८ आहे.

दुपारी पोटभर शीत-कडी झाल्यावर रक्त आतड्यांकडे जातं आणि पुढच्या दोन तासांत दाब सर्वांत खाली असतो. भात कमी, जेवण दोन भागांत, आणि वामकुक्षीतून उठताना तीच दोन मिनिटं. मार्च ते मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात कातडीच्या वाहिन्या उघड्याच असतात, तेव्हा कढत पाण्याची आंघोळ टाळा, किंवा स्टुलावर बसून करा आणि दाराला आतून कडी लावू नका. काजूच्या हंगामात उर्राकचा, म्हणजे काजूच्या दारूचा, एक पेलासुद्धा वाहिन्या सैल करतो. ज्याच्या तंतूंनी त्या आवळायच्या तेच आजारी, तिथे हिशेब तोट्याचाच.

२०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. म्हणजे तुमच्या घरातला हा आकड्यांचा नमुना आपल्या गावांत विरळ नसणार. तरी बहुतेक दवाखान्यांत बीपी खुर्चीवर बसवून एकदाच मोजलं जातं.

डॉक्टरांकडे जाताना सलग सात सकाळींचे आडव्याचे, एका मिनिटाचे आणि तीन मिनिटांचे आकडे नाडीसह एका कागदावर न्या. दोन दिवस दुपारच्या जेवणानंतर तासाभराने घेतलेले आकडेही त्यात असू द्या. सोबत गोळ्यांच्या पट्ट्याच न्या, नावं तोंडी सांगू नका. ईसीजी, हिमोग्लोबिन, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, थायरॉइड, बी १२ या तपासण्या ते सांगतील. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी १२ आवर्जून विचारा, त्याची कमतरताही तंतूंना बिघडवते आणि ती भरून काढता येते. ईसीजीच्या वेळी मिनिटाला सहा खोल श्वास घ्यायला लावून पट्टी काढा, अशी विनंती करा. श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना नाडीत १५ किंवा जास्त ठोक्यांचा फरक पडला तर व्हेगस शाबूत, १० किंवा कमी पडला तर तो गेलेला. वयाने हा फरक थोडा घटतो, तेवढी सूट द्या. तुमच्या बाबांचा चार-पाचच्या वर येईल असं मला वाटत नाही.